काच क्रमांक एक्केचाळीस

भूपेंद्रभाऊनं मला काचेला हात लावू दिला नाही, त्याच दिवशी विहिरीचा निकाल लागला. फक्त ते त्याला कळायला सात महिने गेले.

मी प्रज्ञा. पांढुर्ण्याच्या विभागीय चित्रसंग्रहात नोंदणीचं काम करते. नाव मोठं, जागा तीन खोल्यांची. या मुलखाचे जुने फोटो आमच्याकडे येतात. जाम नदीचे, सौंसरच्या बाजाराचे, संत्र्याच्या बागा यायच्या आधीच्या उघड्या रानांचे. बरेचसे कागदावर असतात, काही काचेवर. पूर्वी फोटो काचेवरच निघायचा. त्या काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद, आणि मंद बाजूवर चित्र असतं. प्रत काढायच्या यंत्रात काच उलटी ठेवली तर चित्र आरशात पाहिल्यासारखं येतं, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात.

तिगावचा भूपेंद्रभाऊ म्हणजे संत्र्याचा मोठा बागाईतदार. त्याचे आजोबा रामाजी यांना कॅमेऱ्याचा नाद होता. त्यांच्या सेहेचाळीस काचांची लाकडी पेटी घेऊन तो संग्रहात आला, सोबत दोन पत्रकार. मी सुती हातमोजे चढवले आणि पेटीकडे हात नेला. त्यानं पेटी स्वतःकडे ओढली.

"थांबा न मॅडम. आमच्या आजोबाची चीज आहे. आमचाच माणूस हात लावन."

बोलताना तो माझ्या हातांकडे पाहत नव्हता. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचत होता. आडनावावरून जात काढायला आमच्या भागात शाळेत जावं लागत नाही. पत्रकारांनी वह्यांत डोकं घातलं. आमचे साहेब म्हणाले, ठीक आहे, दानपत्रात तशी अट घालू. ती अट मीच माझ्या अक्षरात लिहिली: 'काचा फक्त दात्याच्या घरच्या माणसानं हाताळाव्यात.' लिहिताना कान तापले होते, पण अक्षर हललं नाही.

मग त्याचा पुतण्या वैभव तीन दुपारी येऊन बसला. आमच्या यंत्रावर एका हातानं काचा ठेवायचा, दुसऱ्या हातात मोबाईल. कोणती बाजू वर, कोणती खाली, त्याला पत्ता नव्हता. काही सुलट पडल्या, काही उलट; कोणती कशी, हे तेव्हा मलाही कळलं नाही. शिवाय कडा काळ्या दिसतात म्हणून त्यानं प्रत्येक चित्राच्या कडा कापून टाकल्या. मी दोन हात अंतरावर बसून तो धरेल ती काच पाहायची आणि नोंदवहीत लिहायची. एक्केचाळिसाव्या काचेची नोंद अशी आहे: 'तिगावची पांदण, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उत्तरेकडे पाहून. विहीर, तीन बाया, पिंपळ. कोपऱ्यात रामाजी यांची सही व साल १९३८.'

ही विहीर आमची. गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते म्हणून आमच्या सात घरांच्या पणज्यांनी खणलेली. शेताकडे जाणारा बैलगाडीचा रस्ता, त्याला आम्ही पांदण म्हणतो, तीच हद्द होती. पांदणीच्या पश्चिमेला विहीर आणि आमची वावरं, पूर्वेला भूपेंद्रभाऊची. सव्वीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्यानं जुनी पांदण नांगरून टाकली आणि विहिरीच्या पलीकडून, आमच्या वावरातून, नवी पांदण पाडली. झालं! विहीर आपोआप पूर्वेला गेली. मग भिंत आली, मोटर आली, मोटरघराला कुलूप आलं. पटवाऱ्याकडच्या जुन्या नकाशाचा नेमका तोच कोपरा वाळवीनं खाल्लेला निघाला. वाळवीलाही या भागात माणसं ओळखता येतात.

माझे बाबा, गुलाब, तेव्हापासून दोन एकरांत फक्त पावसाचं पीक घेतात. आणि हंगामात भूपेंद्रभाऊच्याच बागेत रोजीनं संत्री तोडायला जातात. आमच्याच विहिरीच्या पाण्यावर पोसलेली संत्री. लहानपणी बाबांच्या कपड्यांना तो वास यायचा. मला आजही संत्रं खाववत नाही.

बाबांची तक्रार तहसीलमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. पांढुर्णा जिल्हा झाला, नव्या तहसीलदार अनुराधा मॅडम आल्या, त्यांनी ती फाईल उघडली. प्रश्न एकच होता: जुनी पांदण विहिरीच्या पूर्वेला होती की पश्चिमेला? आणि त्याच आठवड्यात भूपेंद्रभाऊ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात एक्केचाळीस नंबरच्या काचेची छापील प्रत होती.

"पाहून घे," तो म्हणाला. आता मॅडमही गेलं होतं. "उत्तरेकडे तोंड करून काढेल आहे. मधात पांदण. विहीर कोणत्या अंगाले आहे? उजव्या. म्हणजे पूर्वेले. म्हणजे आमची. फोटोच बोलून राहिला! तुह्या बापाले सांग, मातारपणी कचेरीच्या पायऱ्या चढू नको म्हणा."

प्रत माझ्यासमोर टाकून, शिक्क्याची प्रत पंधरा दिवसांत पाहिजे असं बजावून तो गेला. मी फोटो पाहत बसले. खरंच विहीर उजवीकडे होती. बाबा खोटं बोलत आले? की त्यांच्या बाबांनी त्यांना खोटं सांगितलं?

मी फोटो पडद्यावर मोठा केला. तीन बाया. एक दोर ओढतेय, एकीच्या डोक्यावर घागर, तिसरी कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे रागानं बघतेय. तिघींच्या अंगावर नऊवारी लुगडी. आणि तिघींचाही पदर उजव्या खांद्यावर.

आमच्याकडे लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावर जातो. माझी आजी, तिची आई, पाटलीणबाई, भाजीवाली, सगळ्यांचा डाव्या. उजव्या खांद्यावरून पुढे पदर घेतात त्या वर हिंदी मुलखातल्या बाया, आणि त्यांच्या अंगावर नऊवारी नसते. एखादी चुकेल, तिघी कशा चुकतील? वैभवनं काच उलटी ठेवली होती, आणि उलटी दिसली असती ती सही कडेबरोबर कापून टाकली होती. पांदण, विहीर, पिंपळ, सगळं आरशातलं होतं. सुलट केलं की विहीर डावीकडे. पश्चिमेला. आमची.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्यानं हसले. शिपाई डोकावून गेला.

एक गोष्ट मला आणखी गोड वाटली. खरी पांदण कुठं होती हे भूपेंद्रभाऊला चांगलं ठाऊक होतं, नांगर त्यानंच घातला होता. फोटो पाहून तोही चक्रावला असणार. पण देवानंच चमत्कार केला म्हणून तो जामसांवलीला हनुमानापुढं नारळ फोडून आला, हे त्यानंच गावभर सांगितलं होतं. म्हणजे खोटा आहे हे माहीत असून तो फोटो घेऊन कचेरीत जाणार होता. जाऊ दे. जायलाच पाहिजे.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात विळ्याला धार लावत होते.

"मंग सांगून टाक न त्याले," ते म्हणाले. "चूक झाली म्हणा. सुधरवून घ्या म्हणा."

"काहून सांगू? सांगितलं तं तो फोटो फाडून टाकते, न् अटीचा कागद दाखवून काच घरी घेऊन जाते. मंग आपल्याजवळ काय राह्यते?"

"तुही नोकरी आहे बाई. चूक दिसली तं सांगा लागते."

"बाबा, तुम्ही त्याच्या बागेत संत्री तोडून राहिले तवा त्यानं कधी सांगितलं काय, का गुलाबभाऊ, पाणी तुमचं आहे?"

बाबांनी विळ्याची धार बोटानं पाहिली आणि पुन्हा दगडावर घासू लागले. माझं मन मात्र केव्हाच ठरलं होतं. मला नुसती विहीर नको होती. तो सगळ्यांसमोर पडलेला मला बघायचा होता.

शिक्क्याची प्रत द्यायची तर दात्यानं एक घोषणापत्र भरायचं असतं. आम्ही सहसा आग्रह धरत नाही. भूपेंद्रभाऊसमोर मी तो कागद व्यवस्थित ठेवला: 'सदर काच माझ्या आजोबांनी काढलेली आहे. प्रत माझ्या घरच्या माणसानं केली आहे. तीत कोणताही बदल केलेला नाही. काचेच्या कोपऱ्यात आजोबांची सही आहे व ती मी ओळखतो.'

"हे कायले पाह्यजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे उद्या फोटो बनावट आहे असं कोणाले म्हणता येणार नाही, भाऊ. तुमच्याच फायद्याचं आहे."

फायदा शब्द ऐकला आणि त्यानं सही ठोकली. मी शिक्का मारला आणि प्रतीच्या खाली नियमाप्रमाणे एक ओळ लिहिली: 'मूळ काचेशी ताडून पाहिलेली नाही.' एक अक्षर खोटं लिहिलं नाही. त्यानं ती ओळ वाचली नाही. माझ्यासारखीनं लिहिलेलं तो कशाला वाचेल?

तेवढ्यावर तो थांबला नाही. प्रत तहसीलमध्ये दाखल केली, आणि त्याच फोटोचा बारा फुटी फलक करून आमच्या संग्रहाच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. 'आमच्या आजोबांच्या नजरेतून तिगाव.' आमदाराचे हार, पेढे, भाषण. मीही एक पेढा घेतला. फलकावरच्या तिन्ही बाया उजवा पदर घेऊन उभ्या होत्या आणि अख्ख्या कार्यक्रमात एका माणसाला ते दिसलं नाही.

सुनावणीला कचेरी भरली होती. आमच्या सात घरांची माणसं मागं भिंतीला धरून उभी, भूपेंद्रभाऊची माणसं पुढं खुर्च्यांवर. अनुराधा मॅडम रीव्याकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी प्रत उचलून वरखाली पाहिली आणि खालची ओळ वाचली.

"मूल काँच से मिलाया क्यों नहीं गया?"

संग्रहाकडून मी हजर होते. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, दानपत्राच्या अटीप्रमाणे मला काचेला हात लावता येत नाही. मॅडमनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"काँच मँगवाइए," त्या म्हणाल्या.

संग्रहातून पेटी आणली होतीच, बाहेर गाडीत वैभवच्या ताब्यात. त्यानं एक्केचाळीस नंबरची काच काढून खिडकीच्या उजेडात धरली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, पण कोपऱ्यातली सही स्पष्ट होती. मी जागेवरूनच विचारलं, "वैभव, आजोबाची सही वाच."

तो डोळे बारीक करून पाहू लागला. "उलटी दिसून राहिली."

"मंग काच फिरव."

त्यानं काच फिरवली. "रामाजी. तिगाव. एकोणीसशे अडतीस," तो वाचत गेला आणि मधेच थांबला. त्याची नजर सहीवरून विहिरीवर गेली होती.

"आता विहीर कोणत्या अंगाले आहे?" मी विचारलं.

वैभवनं काकाकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको पाहू. काचेकडे पाहा."

"डाव्या," तो म्हणाला. एवढंसं बोलला, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

भूपेंद्रभाऊ उठला. काच बदलली, फोटो खोटा आहे, या पोरीनं काहीतरी केलं, असं ओरडू लागला. मॅडमनी त्याचं घोषणापत्र त्याच्याकडे फिरवलं. काच आजोबांची, सही ओळखतो, प्रत घरच्या माणसानं केली, बदल नाही, खाली त्याचीच सही. आणि काचेला मी हात लावू शकत नाही, हे तर त्यानंच लिहून घेतलं होतं. तो कागदाकडे बघत राहिला. मानेवरून घाम शर्टात उतरत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मॅडम स्वतः जागेवर गेल्या. सुलट फोटोत पांदण विहिरीच्या ज्या अंगाला दिसत होती तिथं खणायला लावलं, तर वीतभर खाली जुन्या चाकोरीतला मुरूम लागला. महिनाभरात आदेश आला आणि भिंत पाडली. बाबांनी पहिला दोर ओढला. पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "तरी तूनं त्याले आधी सांगाले पाह्यजे होतं." त्यांनी दुसरी बादली काढून माझ्यासमोर ठेवली.

आदेशात एक ओळ होती: फोटोची सुलट प्रत पंधरा दिवसांत फाईलला जोडावी. वैभव नागपूरला निघून गेला होता, काकाचा फोन उचलत नव्हता. अट अजून होतीच. त्यामुळे भूपेंद्रभाऊलाच यावं लागलं. बाहेरच्या बारा फुटी फलकाखालून तो आत आला.

मी कपाट उघडून दिलं आणि बाजूला झाले. त्यानं काच काढली. मी सांगेन तशी ठेवली, सांगेन ते बटण दाबलं. चित्र पहिल्याच वेळी सुलट आलं.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा केलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा करून तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, माह्याच्यानं नाई होत. अट काढून टाका. तुम्हीच करत जा."

मी अर्ज लिहिला: 'काचा हाताळण्याबाबतची माझी अट मी स्वखुशीनं मागे घेतो.' या वेळी त्यानं शब्द न् शब्द वाचला आणि मग सही केली. मी ड्रॉवरमधून हातमोजे काढले, त्याच्यासमोर सावकाश चढवले आणि काच उचलली.