अंगठ्याची जागा

वितोमिरच्या गळ्याचं भोक बुजणार म्हटल्यावर सगळं गाव हरखलं, एक त्याची बायको स्तामेन्का सोडून. अपघातानंतर श्वासासाठी घातलेली नळी केव्हाच काढली होती, भोक मात्र सात वर्षं मिटलं नव्हतं. ते दाबल्याशिवाय त्याला आवाज फुटत नसे. अकॉर्डियनवर दोन्ही हात गुंतलेले, मग प्रत्येक लग्नात तो गाताना शेजारी बसून त्याच्या गळ्यावर अंगठा ठेवायचा तो स्तामेन्कानं. लोक नवरी सोडून तिच्याकडे बघत, आणि तिला ते आवडे. उगाच कशाला लपवा!

निश शहरातल्या इस्पितळात भोकाच्या कडा कापून आतून-बाहेरून टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पट्टी मुद्दाम सैल ठेवलीय. खोकला आला तरी कुणी दाबायचं नाही, हवा कातडीखाली शिरेल."

तिसऱ्या दिवशी ताफ्यातली गायिका लेपोसावा घरी भाजलेला चीजचा बुरेक घेऊन हजर झाली. ओठ असे रंगवलेले, की बाई लग्नालाच निघालीय.

"काय रे कोंबड्या, आता तरी एकटा येशील ना आमच्याबरोबर? की अंगठेवाली लागेलच?"

वितोमिर खदाखदा हसला. स्तामेन्काच्या अंगाचा तिळपापड झाला. हसता हसता त्याला ढास लागली आणि तिचा अंगठा पट्टीवर गेला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवत होतं. तरी तिनं दाबलं, चांगला जोर लावून.

बघता बघता गळा टम्म फुगला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी एक टाका सोडून हवा काढली.

"कुणी दाबलं?"

"मीच," वितोमिर म्हणाला.

"सात वर्षांची सवय. व्हायचंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्तामेन्काला गप्प बसता आलं असतं. पण त्याचा तो चांगुलपणा तिला सोसवेना.

"खोटं बोलतोय तो. मी दाबलं. आणि सवयीनं नाही, बाई. ही भवानी आली म्हणून!"



"लेपोसावा, तू जा आता," वितोमिर म्हणाला.

लेपोसावा गेली. हवं होतं ते स्तामेन्काला मिळालं. ती खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला, नेहमीसारखी टेकली. वितोमिरनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तिचा हात पोचू नये म्हणून आपला तळवा गळ्यासमोर आडवा धरला.