झुंबरबाईचा पाय

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे डॉक्टर कोण शोधतो? आधी पायाळू शोधायचा! धाड गावात तो मान झुंबरबाईचा. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, म्हणून तिने पाठीवर पाय फिरवला की दुखणे पळते, असा गावाचा समज. तिचाही तोच.

ज्वारी हुरड्यावर आली होती. तिचा पाठचा भाऊ रंगराव पाखरे हाकता हाकता मचाणावरून पडला, तो मानेवरच.

"अक्का, हातपाय माह्ये नाहीतच वाटून राह्यले," तो म्हणाला. पण बोलत होता, श्वास चालू होता.

"डॉक्टरले बोलवा हो!" त्याची बायको आशाबाई रडू लागली. गावचे टांगेवाले हबीबमियाँ यांनी बुलढाण्याकडे टांगा हाकला.

"घरात पायाळू असून डॉक्टर काऊन?" लोक म्हणाले. धन्य ती अक्कल! त्यांनी रंगरावला पालथा केला. झुंबरबाईने देवाचे नाव घेऊन मानेवर पाय ठेवला आणि दाबला.

रंगरावचे बोलणे तुटले. सुलटा केला तेव्हा छाती हलत नव्हती, पोट हलत नव्हते. डोळे तेवढे उघडे होते.

दिवस मावळताना सईद डॉक्टर आले. त्यांनी मान तपासली आणि रंगरावचे डोळे मिटले.

"बाई, फुफ्फुसं आपल्या मनानं हलत नाहीत. श्वासाचा हुकूम मेंदूतून निघतो आणि मानेच्या मणक्यांमधल्या मज्जारज्जूतून खाली येतो. छातीखालचा पडदा हलवणाऱ्या नसा तिथूनच फुटतात. याचा मणका मोडला होता, पण ती वाट शाबूत होती. दाबल्यावर तीही तुटली."

"मंग म्या पाय नसता लावला तं?"

"हातपाय परत आले असते असं नाही म्हणत. श्वास मात्र चालू राहिला असता."

झुंबरबाई भावाच्या उशाशी जाऊन बसली. भावाची तिरडी उचलली तेव्हाही ती तिथून उठली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुंजाजीची सून विहिरीच्या पायऱ्यांवरून मानेवर पडली. लोक झुंबरबाईच्या दारी. ती धावत आली आणि ओरडली, "कोनी हात लावू नका! याच पायानं म्या माह्या भावाचा जीव घेतला. हलवू नका तिले!" आणि ती अनवाणी, तापल्या फुफाट्यातून टांगा आणायला पळाली.

डॉक्टर येईपर्यंत सुनेला कोणी हलवले नाही. ती वाचली. झुंबरबाई घरी येऊन रंगरावच्या नावाने रडली.

बंधुभगिनींनो, मानेवर पडलेल्या माणसाला हलवू नका, चोळू नका, दाबू नका. त्याच्या श्वासाचा हुकूम तिथूनच जातो. पाय उचलायचाच असेल, तर डॉक्टरकडे धावायला उचला!