रुंद तोंडाची, अपुऱ्या दमाची

मित्रांनो, मी बर्फ उडवणारी एक जुनी गाडी आहे, आणि माझ्यातली खोट आधीच सांगून टाकते. माझं तोंड नव्वद सेंटिमीटर रुंद आणि इंजिन अवघं सहा अश्वशक्तीचं. कारखान्यात ही जोडी कोणी जमवली, देव जाणे.

जपानमधल्या यामागाताच्या डोंगरातल्या आमच्या गावात मला किइची नावाच्या निवृत्त पोस्टमनने आणलं. दुकानदाराने त्याला बजावलं होतं, एवढ्या रुंदीला दहाचं तरी इंजिन हवं. सहाचंच घ्यायचं तर तोंड साठचं घ्या. पण किइचीच्या चुलतभावाची गाडी ऐंशीची होती. त्याला मागे टाकायचं म्हणून किइचीने फक्त माझं तोंड मोजलं आणि खूश होऊन घरी आला. त्याची बायको सायो हिने कपाळाला हात लावला.

तीन हिवाळे माझं कौतुकच झालं. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ मी दोन फेऱ्यांत साफ करायचे. आमच्याकडे ज्याच्याजवळ गाडी असेल, त्याने एकट्या म्हाताऱ्या माणसाचं दारही न सांगता मोकळं करून द्यायचं असतं. किइची शेजारच्या मित्सुआजींचं करायचा. "तुझ्या गाडीचं तोंड तुझ्यासारखंच, नुसतं मोठं," असं त्या त्याला खिडकीतून चिडवायच्या.

सकाळी उठल्यावर आमची माणसं आधी शेजारच्या भिंतीकडे बघतात. केरोसीनच्या शेगडीचा धूर तिथल्या नळीतून बाहेर पडतो. पांढरी वाफ दिसली की आतलं माणूस उठलंय, बरं आहे.

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, पावसाने बर्फ भिजला. सकाळी सातला सायो बाहेर आली आणि जागीच थबकली. मित्सुआजींच्या छपरावरचा सगळा बर्फ घसरून दारावर, खिडकीवर आणि त्या नळीवर कोसळला होता. वाफ कुठेच नव्हती. तिने फोन लावला. आजींनी उचलला, डोकं फार जड झालंय म्हणाल्या. शेगडी बंद करा, असं सायो सांगत राहिली, पण पलीकडून उत्तर येईना. नळी बुजली की विषारी धूर घरातच कोंडतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मदतीची गाडी घाटापलीकडून यायची होती. तिला अर्धा तास तरी लागणार होता.

किइचीने मला पुऱ्या वेगाने ढिगात घातलं. दोन पावलांवर माझा दम संपला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घुसवलं, पुन्हा बंद. ओला बर्फ माझ्या तोंडात घट्ट बसला होता. तो उपसायला किइची हात घालणार, एवढ्यात मी मनातून हादरले. इंजिन बंद असलं तरी माझ्या पात्यांत ताण उरलेला असतो. बर्फ सुटला की ती एकदा गर्रकन फिरतात. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

सायोने त्याला मानगूट धरून मागे खेचलं आणि हातात काठी कोंबली.

"बोटं घालवून बसलात तर आजींना कोण काढणार? हिच्यात दम नाही, ठाऊक आहे ना? मग अर्धंच तोंड लावा. हळू चालवा."

"अगं, वेळ जाईल."

"आणि बंद पडतेय त्यात नाही जात?"

त्याने काठीने अडकलेला बर्फ पाडला, मग माझं अर्धं तोंड ढिगात धरलं, अर्धं मोकळं ठेवलं. मी कण्हत राहिले, पण चालत राहिले. सायो फावड्याने वरचा थर पाडत होती. हातभर वाट, मग आणखी हातभर. आतून काहीच आवाज येत नव्हता. वीस मिनिटांनी खिडकी दिसली. किइचीने काच फोडली आणि दोघांनी आजींना ओढून उघड्यावर आणलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. किइची तिथेच बर्फात बसून ढसाढसा रडला.

वसंतात तो पुन्हा दुकानात गेला. या वेळी त्याने आजींच्या छपरावरून किती आणि कसा बर्फ पडतो, ते आधी सांगितलं. नवी गाडी पासष्टची आहे, इंजिन दहाचं. मी आता अंगणातला भुसभुशीत बर्फ तेवढा उडवते.

मित्रांनो, गाडी घेताना नुसतं तोंड बघू नका. तुमच्याकडे सगळ्यात जड बर्फ कुठला, ते बघा आणि त्याला पुरेल असं इंजिन मागा. अडकलेल्या बर्फात हात कधीच घालू नका. मी आजींना वाचवलं, असं गाव म्हणतं. पण माझ्या अपुऱ्या दमामुळे आजी वीस मिनिटं त्या धुरात राहिल्या, आणि धुराने त्यांची आठवण नेली. आता किइची त्यांचं दार मोकळं करतो, तेव्हा त्या बाहेर येऊन अदबीने वाकतात आणि रोज विचारतात, "फार उपकार झाले. आपण कोणाकडचे?"