कौसाबाईच्या दावणीचं कासव

तापीमायची आण, माझ्या दोन्ही डोळ्यांची आण, आणि आणखी कोणाची हवी असेल तर त्याचीही आण! यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठावं आणि गुरांना पाणी दाखवायला जावं.

कौसाबाई हौदात कोपरापर्यंत हात घालून कासवाला वर ओढत होती, आणि कासव काही येत नव्हतं. तळाचा गाळ ढवळून निघाला. मासे सैरावैरा पळाले. कौसाबाईचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं, तरी तिने पकड सोडली नाही.

परसातल्या भिंतीवरून अख्तरबानोचं डोकं वर आलं. ती शेजारच्या रंगाऱ्याची बायको. तिचे हात बारा महिने मनगटापर्यंत निळे.

"अवं कौसा, काय करी ऱ्हायनी तू?"

"शेठले काढी ऱ्हायनी. सकाय पोया, आज खांदेमळणी शे ना."

"ती बैलनी ऱ्हास, बाई."

"मन्हा घरमा बैल शे का?"

अख्तरबानोने पदर कमरेला खोचला. मग भिंतीवर पाय टाकून ती सरळ अलीकडे उतरली आणि तिने बाह्या वर सारल्या. एकीने पुढून, एकीने मागून धरलं, तेव्हा कुठे शेठ बाहेर आले. परातीएवढं कासव! त्याने दोघींकडे एकदा पाहिलं आणि मान आत घेतली.

शेठ हे नाव दोधूने ठेवलं होतं. दोधू म्हणजे कौसाबाईचा नवरा. मोठी लढाई संपली त्या साली त्याने घरामागे दगडी हौद बांधला, मोटेच्या पाटाचं पाणी त्यात वळवलं आणि तापीतले बोटबोट मासे आणून सोडले. त्याच्या घरात कोणी मासे खात नव्हतं. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकायच्या आणि त्यांच्याकडे बघत बसायचं, एवढीच त्याची चैन. एकदा भोयांच्या जाळ्यात कासव आलं, ते त्याने टोपलीभर वांगी देऊन सोडवलं आणि हौदात आणलं. कासव दिवसभर धुण्याच्या दगडावर पोट टेकून ऊन खाई. हाक मारली की मान आत. पण कणीक पाण्यात पडली की माशांच्या आधी हजर. "हाऊ शेठ नही त काय?" दोधू म्हणायचा.

दोधू गेला त्याला दोन वर्षं झाली होती. कौसाबाईने शेती सोडली नाही, हौद सोडला नाही. कणीक रोज तिनेच टाकली. भेंडीचे देठ, पिकलेली बोरं, कोवळी काकडी, शेठ सगळं खायचे. उन्हाळ्यात हौद आटू नये म्हणून ती घागरी भरभरून ओतायची. पण यंदाच्या चैत्रात बुळकांडीचा रोग आला आणि चार दिवसांत दावणीचे दोन्ही बैल आडवे झाले. साऱ्या तालुक्यात गोठे रिकामे पडले होते. नवा बैल आणणार कुठून?

आणि त्या गावचा नेम मोठा कडक होता. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिली जोडी पाटलाची, दुसरी दोधूच्या घराची, तिसरी त्याच्या धाकट्या भावाची, भटूची. दोधूच्या घराची ही जागा त्याच्या पणज्यापासूनची. पण ज्या घराचं दावणीचं जनावर पोळ्याला तोरणाखालून गेलं नाही, त्या घराची रांग गेली. मागचा पुढे सरकायचा आणि एकदा सरकला की पुन्हा मागे येत नसे. वेशीत दरसाल घराचं नाव पुकारत. रांग गेली म्हणजे दोधूचं नाव गावात पुकारणं बंद.

पोळा आठवड्यावर आला तेव्हा भटू ओसरीवर येऊन बसला होता.

"वहिनी, औंदा तू तरास करू नको. रांग मी संभाळी लेसू. रगत त एकच शे."

कौसाबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो फाटकाबाहेर पडला आणि त्याच संध्याकाळी तिने शेठना हौदातून काढून गोठ्यात बैलांच्या जागेवर नेलं, ओल्या पोत्यावर बसवलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखालून घेऊन दावणीला बांधलं. मग रोजचंच झालं. दिवसा हौद, सांजेला दावण. शेठ पट्टीसकट पोतं ओढत गोठ्यात फिरायचे.

आता खांदेमळणीला तिने वाटीत तूप-हळद कालवली.

"पन कौसा," अख्तरबानो कासवाभोवती फिरत म्हणाली, "याना खांदा कोठेन सुरू व्हस?"

"जठे मान सरस तठेन."

"आन् मान त आत शे!"

दोघी इतक्या हसल्या की हळद सांडली. शेवटी कौसाबाईने सगळ्या पाठीलाच तूप चोळलं. पाठ अशी चकाकली की तिच्यात तोंड दिसावं. मग बैलाच्या कानात आवतण देतात तसं ती वाकली आणि कान सापडेना म्हणून जिथून मान निघते तिथेच म्हणाली, "आज आवतन ले, सकाय जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी अख्तरबानोने पाठीच्या कडेला हिंगुळाचा लाल पट्टा ओढला, वर बेगडाच्या टिकल्या लावल्या आणि उरल्यासुरल्या कापडाची निळी झूल शिवून आणली. कौसाबाईने परात डोक्यावर घेतली, परातीत शेठ. चालत नेलं असतं तर वेशीत पोचता पोचता दिवाळी आली असती. वेशीत गाव जमलं होतं. जोड्यांच्या घुंगरांनी कान बधिर झाले होते. बाईमाणूस रांगेत कधी उभं राहिलं नव्हतं; दोधूमागे कौसाबाईची जोडीही गडीच नेत असे. कौसाबाई पाटलाच्या जोडीमागे गेली, परात खाली ठेवली आणि शेठना जमिनीवर सोडलं.

सगळे माना उंचावून पुढे सरकले. मग असा हशा उसळला की पाटलाचे बैल बुजले.

भटू आपल्या जोडीचा कासरा धरून तिच्या मागेच उभा होता.

"वहिनी, हाई काय?"

"दावणीनं जनावर."

"कासव?"

"कासव जनावर नही, मंग काय भाजी शे का?"

"याले शिंगं कोठे शेत?"

"तुन्हा उजवा बैलले कोठे शेत?"

भटूचा उजवा बैल भुंडा होता. आता लोक भटूला हसले. त्याचे कान लाल झाले.

"हाऊ राबस तरी का?"

"आज पोया शे. आज कोना बैल राबी ऱ्हायना, माले दखाड."

रूपसिंग पाटील तोरणाखाली नारळाची टोपली घेऊन बसला होता. मिशीला पीळ देत त्याने कासव निरखलं.

"दावणीवर सगळास्नी देखं ना याले?"

"देखं," गर्दीतून बायकांचा आवाज आला. अख्तरबानोचा सगळ्यांत मोठा.

"मंग नेम नेम शे," पाटील म्हणाला. "नेममा बैल नही, दावणीनं जनावर शे. पन आपला पायवर जावाले जोयजे. उचलाले नको, ओढाले नको. तीन पुकारा. तीनमा गया त गया."

पाटलाची जोडी ढोलाच्या गजरात तोरणाखालून गेली. तोरणाखालीच चुन्याची रेघ ओढलेली होती, ती ओलांडली की झालं.

"दोधूनं घर!" पहिला पुकारा.

ढोल दणाणले आणि शेठनी मान आत घेतली, चारही पाय आत घेतले, शेपूटसुद्धा आत. वेशीत लाल काठाची परात पालथी घालून ठेवल्यासारखे ते बसले. कौसाबाईने कणकेची गोळी पुढे ठेवली. गोळीला मुंग्या लागल्या. मागे गावच्या साऱ्या जोड्या अडकलेल्या. कोणी शिट्या मारल्या, कोणी विचारलं की शेठ झोपले का, गादी आणू का.

"ढोल थांबाडा!" अख्तरबानो ओरडली. "तुमनी मायले असं वाजाडीसन जेवाले बलावतस का?"

वाजंत्री चमकून थांबले. त्या गावात पोळ्याला शांतता पहिल्यांदाच झाली. एखादं घुंगरू तेवढं वाजे. दूर तापीच्या पुराचा घो घो आवाज यायला लागला.

"दोधूनं घर!" दुसरा पुकारा. या वेळी पाटलाचा आवाज आपोआप हळू झाला.

शेठची मान बाहेर आली. इकडे फिरली, तिकडे फिरली. नदीच्या बाजूचा वारा नाकावर घेतला आणि पाय काढले. एक पाऊल. दुसरं. सगळं गाव वाकून बघत होतं. म्हाताऱ्यांनी श्वास धरला, पोरांनी चड्ड्या धरल्या. झूल एका बाजूला घसरली, बेगडाची टिकली पडली, शेठ चालत राहिले. आणि रेघ वीतभर उरली असताना थांबले. दोन्ही डोळे मिटून घेतले.

कौसाबाईने कासवाकडे पाहणं सोडलं. पदराचं टोक मुठीत घट्ट गुंडाळून ती समोर तापीकडे बघत उभी राहिली. उन्हं कलली होती. पाटलाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"दोधूनं..."

तेवढ्यात भटूचा भुंडा बैल पुढे वाकला आणि कासवाच्या मागे अशी काही फुंकर मारली, की शेठ उडालेच! पळाले, बाई, पळाले! खानदेशात तसं कासव ना त्याआधी कोणी पळताना पाहिलं, ना त्यानंतर. रेघ ओलांडली, तोरण मागे टाकलं, पाटलाच्या बैलांच्या पायांमधून पलीकडे निघाले आणि नदीच्या वाटेला लागले. अख्तरबानोने धावत जाऊन झुलीला धरून थांबवलं, नाहीतर शेठ तापीतच गेले असते.

"...घर!" पाटलाने उरलेला शब्द पुरा केला आणि टोपलीतला नारळ कौसाबाईच्या हातात दिला.

ढोल सुटले. टोप्या उडाल्या. कोणीतरी शेठवर गुलाल टाकला, म्हाताऱ्या बायकांनी वाकून त्यांच्या पाठीला हात लावून नमस्कार केले. भटू भुंड्या बैलाचा कासरा हिसडत ओरडत होता, "मूरख! तुले कोनी सांगं व्हतं फुकाले?" बैल बिचारा मान खाली घालून ऐकत होता.

संध्याकाळी कौसाबाईने शेठना हौदाकाठी पुरणपोळी वाढली. त्यांनी पुरण खाल्लं, पोळी पाण्यात ढकलली, आणि मासे तिच्यावर तुटून पडले. मग तिने दुसरं ताट वाढलं. वर तुपाची धार घेतली, झाकलं आणि भटूच्या घरी निघाली. गोठ्यातून भुंडा बैल तिला पाहून हंबरला. कौसाबाई थांबली नाही. सरळ ओसरीवर गेली आणि ताट भटूपुढे ठेवलं.

"बैलनं ताट आठे काब्रं?" भटूने विचारलं.

"खाय गुपचूप."

भटूने मान वर न करता चारी पोळ्या खाल्ल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं वेशीत पाटलामागोमाग दोधूच्याच घराचं नाव पुकारलं गेलं.

आता आण घेऊन बसले आहे तर सांगून टाकते. एक गोष्ट मी पदरची घातली. भुंड्या बैलाने फुंकर मारली नाही. तो बिचारा डोळे मिटून रवंथ करत उभा होता. त्याच्या तोंडापुढे, कासवाच्या अगदी मागे, होता तो भटूचा पाय.