बोथ्याचं पाणी

आमच्या घराण्यात बाईमाणसाला नव्या ठिकाणी पाठवायचं म्हटलं की आधी घरातला पुरुष जाऊन तिथलं पाणी पाहून येतो. पाणी पाहणं म्हणजे विहिरीत डोकावणं नव्हे. ते प्यायचं, तिथं जेवायचं, झोपायचं, आणि सकाळी पोट काय म्हणतं ते ऐकायचं. मुलगी द्यायची असो की आजारी माणसाला हवापालटाला न्यायचं असो, एवढं झाल्याशिवाय बाई गाडीत पाय ठेवत नाही. माझ्या आज्यानं आत्याच्या सासरचं पाणी एका रात्रीत पाहिलं होतं. मी बोथ्याचं पाणी नऊ दिवस पाहिलं.

खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुईची प्रत ठरवणं हा माझा धंदा. चिमूटभर रुई दोन बोटांत ओढायची आणि माल कसा आहे ते सांगायचं. सवयीनं माणसांच्या बाबतीतही माझं तेच चालतं. श्रावणात जिन बंद असतं, त्यामुळे हात रिकामे, नजर जास्तच चालते. तरी घरातल्या मालाकडे लक्ष जायला मला उशीर झाला. बायकोला, अन्नपूर्णेला, मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणाला होती आणि बाविसाव्या दिवशी उठून चुलीपुढं बसली. आठवड्यानं तिच्या हातून पाण्याची घागर सुटली, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, "औषध संपलं. आता पंधरा दिवस हिला चुलीपासून लांब न्या. बोथ्याच्या घाटावर ते आरोग्य निवास निघालंय ना, तिथं ठेवा." त्यांनी तशी चिठ्ठीही लिहून दिली, घाईत रोग्याचं नाव तेवढं घालायचं राहिलं.

मी दिवस मोजले. पोळ्याला बरोबर पंधरा दिवस होते. पोळा झाला की बहीण पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. एकदा ती आली की डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची लंगोटं यांत तीन महिने कसे जातील ते अन्नपूर्णेला कळणारही नव्हतं. विसावा मिळाला तर याच पंधरवड्यात, नाहीतर नाही. हे मला पाठ होतं. पाठ नसतं तर आज सांगायला तोंड तरी असतं.

"एका रात्रीचं काम हाये," मी म्हणालो, "पाणी पाह्यतो अन् उद्या तुले न्यायले येतो." तिनं त्याच दुपारी दोन लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली.

घाटाच्या माथ्यावरचं ते ठिकाण म्हणजे पूर्वीचा बैलगाड्यांचा उतारा. घाट चढून आलेले बैल तिथं सोडायचे, गाडीवानांना गोजरबाई भाकरी घालायची. एस.टी. आली, गाड्या संपल्या, आणि आठ खोल्या, लांब ओसरी, वरचे पत्रे सगळं रिकामं पडलं. मग तिचा भाचा इंद्रभान अकोल्याहून आला. शाळेत कवायत शिकवून शिकवून त्याला माणसं रांगेत उभी करायची सवय लागलेली. त्यानं सहा जुन्या सायकली आणल्या, पाटी रंगवली आणि लोकांना उपाशी ठेवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे भाकरी मिळायची तेव्हा येत नव्हते असे लोक आता येऊ लागले.

मी पोचलो तेव्हा इंद्रभाननं हात पुढं केला. मी माझं नाव सांगून चिठ्ठी दिली.

"एकवीस दिवस मुदतीचा ताप," तो मोठ्यानं वाचू लागला, "अत्यंत अशक्तपणा, भूक मंद, कष्ट वर्ज्य." मग त्यानं माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे पाहिलं. "पण महादेवराव, अंगानं तर तुम्ही भरलेले दिसून राह्यले."

चिठ्ठी बायकोची आहे, एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण ओसरीवर खुर्च्या होत्या, समोर सागाचं हिरवंगार रान होतं, वारा अंगावर येत होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी 'कष्ट वर्ज्य' म्हटलं नव्हतं.

"सूज आहे ती," मी म्हणालो.

"अरेरे," इंद्रभान म्हणाला, आणि चिठ्ठी त्यानं तारेला टोचली.

गोजरबाईनं ताकाचा पेला पुढं केला. "घरी कोण कोण असते भाऊ?"

"आई आहे," मी म्हणालो. पुढं काही बोललो नाही. बायको आहे म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग ती सोबत काऊन नाही आली? उत्तर टाळायला मी माणूसच गाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा झाली. लिंबाचं पाणी पिऊन सायकली बाहेर निघाल्या. घाट उतरताना पायडल मारायचं कामच नाही. वळणावळणानं धुकं अंगावर येतं आणि मागं सरतं. चढताना मात्र निम्मा घाट सायकल हातात धरून. माझ्यासोबत जानेफळचे हेडमास्तर नारायणराव होते. त्यांना मधुमेह, आणि मुलांना गप्प बसवण्यात जन्म गेल्यानं आता स्वतः बोलायची हौस.

"महादेवराव, तापातून उठलेला माणूस असा चढतो हे पहिल्यांदा पाह्यलं बुवा," धापा टाकत ते म्हणाले. "आम्ही बिन तापाचे, अन् पाहा आमचे हाल."

"सूज उतरून राह्यली," मी म्हणालो.

परत आल्यावर पोटावर ओल्या मातीचा लेप, मग दुधीचा रस, मग झोप. बिनमिठाची भाजी. संध्याकाळी तिळाच्या तेलानं पाय रगडणं. संध्याकाळची एस.टी. चढून वर आली, थांबली, आणि मला न घेता गेली. त्या रात्री मी कार्ड लिहिलं: 'पाणी किंचित जड वाटते. तीन दिवस पाहतो.' चौथ्या दिवशी दुसरं लिहिलं: 'पाणी बरे आहे. परंतु वारा बाधतो का पाहणे जरूर आहे.' लिहिताना एखादा व्यवहारी माणूस लिहितो तसं गंभीर तोंड केलं होतं. खोलीत कोणी नव्हतं, तरी केलं होतं.

खरं सांगायचं तर मला रोज पहाटे तिची आठवण यायची. ती याच वेळी चूल पेटवत असणार. घंटा झाली की मी सायकलीवर बसायचो आणि पहिल्या उतारापर्यंत आठवण पुरायची. उतार लागला की वाऱ्यात ती सुटायची. दुपारी लेपाखाली पुन्हा यायची. पोटावरची माती वाळताना कातडी आवळते तशी आवळायची. मग मी मनाशी म्हणायचो, उद्या नक्की. सातव्या दिवशी पट्टा एक भोक आत गेला आणि मला आनंद झाला. तो झाला हे सांगणं भाग आहे.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही घाट चढून आलो तर खामगावची गाडी उभी होती. कंडक्टरनं हाक मारली, "महादेवराव कोण हाये? घरून पाठवलं." फडक्याचं लहानसं गाठोडं होतं. आत सुंठ, ओवा, हिंगाची पुडी, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अन्नपूर्णेच्या मोठाल्या अक्षरातला कागद: 'पाणी लागले असेल तर हे घ्यावे. जिवाला जपावे. नसेल मानवत तर निघून यावे, माझे काही अडत नाही. मी बरी आहे.'

"कोणी पाठवलं भाऊ?" गोजरबाईनं विचारलं.

"घरून," मी म्हणालो.

"आईचं अक्षर चांगलं हाये," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. जन्मभर गाडीवान पाहिलेली बाई. कोणाच्या पोत्यात काय आहे हे तिला पोतं न उघडता कळत असावं.

गाडी घाटावरूनच माघारी फिरायची, मी तिनंच परतीला लागलो. पिशवीसुद्धा घेतली नाही.

घरी अन्नपूर्णा चुलीपुढं भाकरी थापत होती. दोन थापांच्या मध्ये हात परातीच्या काठावर टेकून थांबत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "तब्येत तर चांगली दिसते! म्हणजे पाणी मानवलं."

"मानवलं. चाल, आत्ताच्या आत्ता. सहा दिवस आहेत अजून."

ती हात धुऊन उठली. गाठोडं तसंच खुंटीला होतं, ते काढलं. माझी आई, अंबूबाई, आतून म्हणाली, "जा माय, भाकरी मी अन् हा मिळून पाहू." मग अन्नपूर्णेनं सहज हात पुढं केला.

"डॉक्टरची चिठ्ठी द्या. गाठोड्यात ठेवतो."

"ती तिथंच आहे. इंद्रभानजवळ."

"काऊन? मी तर इथं हाव."

मी चपलेकडे पाहत होतो. शेवटी मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, सूज, लेप, दुधीचा रस. सूज ऐकून आईला आत हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. अन्नपूर्णा हसली नाही.

"अन् घरी कोण कोण हाये म्हणून सांगतलं?"

"आई."

"अजून?"

मी चपलेचा अंगठा सरळ करू लागलो.

"म्हणजे तथी मी नाहीच," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला उत्तर द्यायला काहीतरी सापडलं असतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, चुलीवरची भाकरी उलटवली, फुगू दिली, काढून ठेवली. मग पुन्हा गाठोडं उचललं. "येतो मी. पण चिठ्ठी कोणाची हे तुमी सांगान. कानात नाही. सगळ्याइच्या मोहरं."

"सांगतो ना. पण सगळ्यांसमोर कशाला? इंद्रभानला बाजूला घेऊन..."

"मंग राहू द्या."

गाडीत ती खिडकीशी बसली. घाट लागला तेव्हा मी म्हणालो, "हे पाहा, इथून धुकं येतं." ती म्हणाली, "पाह्यतो मी माझं."

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर दुपारच्या रसाची पंगत बसली होती. नारायणराव पेला नाकाशी धरून धीर गोळा करत होते. मी पायरीवरच थांबलो. जिनात शंभर माणसांत माल नापास करताना माझा आवाज कधी अडला नव्हता.

"इंद्रभान," मी म्हणालो, "ती चिठ्ठी माझी नाही. हिची आहे. ही माझी बायको, अन्नपूर्णा. ताप हिला होता. मला काही झालं नव्हतं."

नारायणरावांनी पेला खाली ठेवला. "अन् सूज?"

"ते पोट आहे."

कोणीतरी हसलं. इंद्रभाननं तारेवरची चिठ्ठी काढली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, अन्नपूर्णेच्या मनगटाकडे पाहिलं आणि तिच्यासाठी ओसरीवर खाट ओढली.

गोजरबाई उठली. "ये माय, बस. किती दिवस सांगतले डॉक्टरनं?"

"पंधरा," अन्नपूर्णा म्हणाली.

"अन् उरले?"

"सहा," मी म्हणालो.

"म्हणजे नऊ यानं खाल्ले," गोजरबाई म्हणाली. "बिनमिठाचे."

आता सगळेच हसले, मीही हसलो. अन्नपूर्णा खाटेच्या काठावर बसली, पाहुणी बसते तशी, अर्धी. कोपऱ्यात मेथीची जुडी पडलेली दिसताच ती उठली आणि निवडायला घेऊ लागली. गोजरबाईनं जुडी काढून घेतली. ती बसली. नारायणरावांचा रिकामा पेला दिसला, ती पुन्हा उठली. गोजरबाईनं तिला खांद्याला धरून बसवलं. "अवं, बस ना." ती बसली, आणि हात कुठं ठेवावे ते न कळून तिनं ते मांडीखाली दाबले.

मी माझी पिशवी घेऊन रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभा राहिलो. तिथून ओसरी दिसत होती. गाडी येईपर्यंत ती आणखी चार वेळा उठली. मी मोजलं. नुसतं बसायला शिकण्यातच हिचे तीन दिवस जाणार, माझ्या मनात आलं. मग तीन राहतात.

गाडी आली. मी चढलो, खिडकीतून हात केला. तिचं लक्ष नव्हतं. ती गोजरबाईला काहीतरी विचारत होती, बहुतेक सरपण कुठं ठेवता म्हणून.