विसावं नाव

जाहिदाने लोखंडी पट्टी शिकंज्यात घातली आणि अंगाचा सगळा भार टाकून दांडा आवळला. एकोणीस पोरं कामं सोडून तिच्याकडेच बघत होती. बघू देत!

सकाळीच गुणवंतराव तिच्या बापाच्या, वहाबच्या, स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात आले होते.

"नागपूरचे सायब येऊन राह्यले. वीस पोरं दिसली तरच मान्यता भेटते. विसावा पोरगा सुकलू, तो गेला मोहफुलं वेचायले. तुही पोरगी दोन घंटे बसव न गा."

गुणवंतराव लाकडाचे ठेकेदार. चांद्यातला आपला डेपो रिकामा करून त्यांनी खाजगी तंत्रशाळा काढली होती. सध्या नुसतं पत्र्याचं छप्पर होतं, पण बोलता बोलता ते थेट विद्यापीठावर जात. जाहिदा शाळेत जाता-येता तिथे डोकावून बघायची. दोन घंटे? तिला तर दोन वर्षांचा अख्खा कोर्स हवा होता!

साहेबांनी हजेरी घेतली. विसाव्या नावाला चष्मा काढला.

"मुलगी?"

"माहितीपत्रकात मनाई नाही, साहेब," गुणवंतराव घाईघाईने म्हणाले.

खरंच नव्हती. पत्रक छापताना मुलगी येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पट्टीची कड काटकोनात घासा, एवढंच काम साहेबांनी दिलं. कानशी करकरल्या. जाहिदा सावकाश घासत होती, बापाच्या दुकानात घासायची तशी. साहेबांनी तिच्या पट्टीला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरला. मधून केसभरही उजेड आला नाही. मग त्यांनी वहीत शेरा लिहिला, शिक्का मारला आणि जीप गेली.

"भेटली मान्यता!" गुणवंतराव पोरांवर ओरडले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "जाय बाई आता. वहाबभाईले पेढे पाठवतो."

"अन् माझं नाव?"

"खोडतो न. हे काई पोरीबाळीचं काम नाई."

त्यांनी टाक लाल शाईत बुडवला. जाहिदा जागची हलली नाही. साहेब लिहीत असताना तिने उलट्या बाजूने सगळं वाचून घेतलं होतं.

"पयले शेरा त वाचा, भाऊ."

त्यांनी वाचला. 'विद्यार्थी वीस, पैकी मुलगी एक. तिचे काम सर्वोत्तम. पुढील तपासणीत तिची प्रगती पाहीन.'

"फसले न मालक!" मागून पोरांतला बिरजू खिदळला.

"चूप बे!"

गुणवंतरावांनी टाक धोतराच्या सोग्याला पुसला.

"सकाळी सातले ये," ते वहीकडे बघतच म्हणाले. "अन् ओढणी कमरेले घट्ट बांधून येजो. लेथमंधी गुंतते."