भट्टीतल्या विटेचा संशय

मी एक जुनी वीट आहे, पण घराच्या भिंतीतली नव्हे. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात दगडी कोळशापासून गॅस करणारी भट्टी आहे. तिच्या आत मी सहा वर्षं काढली. आग अंगावर घ्यायची आणि पाठीमागचं पोलादी कवच सांभाळायचं, हे माझं काम.

मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, पण तो उगाच झाला नाही. कोळशाची वितळलेली राख रोज माझ्या तोंडावरून ओघळायची आणि जाताना थोडं मलाही घेऊन जायची. नऊ इंचांची मी तीन इंचांवर आले. सांध्यांतून गंधकाचा वायू मागे शिरून पोलाद कुरतडायचा. बाहेर कुणाला याचा पत्ता तरी आहे का, हीच मला धास्ती होती.

कवचाला बाहेरून खास हिरवा रंग होता. आतली वीट झिजून पत्रा फार तापला, की तो रंग तिथं पांढरा पडायचा. माझी तक्रार तेवढीच बाहेर पोचायची. पण खंडेनवमीच्या पूजेसाठी फिटर तात्याबांनी अख्खी भट्टी चंदेरी रंगवली. यांनी मुद्दाम माझं तोंड दाबलं, असंच मला वाटलं.

पूजेच्या सकाळी ऑपरेटर गौतमी आली. ती माझ्याहून संशयी. तिनं पत्र्यावर ओलं फडकं पिळलं, तर पाणी चर्रकन उडालं. तिनं तात्याबांना गाठलं.

“मामा, हितं पांढरा डाग हुता. कुठं गेला?”

“रंगवला की. सणाला कळकट दिसत हुतं.”

“मग भट्टी बंद करते.”

“आगं, मालक येत्यात. पूजा तर हुंदे.”

“पूजेला माणसं हितंच बसणार न्हाई का? मग बंदच.”

तिनं भट्टी बंद केली. पूजा राहिली. मॅनेजर तिच्यावर भडकले, तात्याबांनी अबोला धरला.

चौथ्या दिवशी भट्टी निवली. तात्याबांनीच आत येऊन मला उचकटलं आणि मागच्या पत्र्यावर हातोडी हलकेच मारली. ती आरपार गेली. भोकातून त्यांना बाहेरचा पूजेचा पाट दिसला. त्यांनी स्वतःला बसायला मांडलेला. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“गौतमी,” भोकातूनच ते म्हणाले, “त्यो हिरवा रंग कशापायी हुता, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई गं.”

त्यांच्यावर घेतलेल्या संशयाची मला लाज वाटली. मी आता कंपाउंडपाशी पडून आहे. मित्रांनो, कुठं डाग दिसला तर रंगाचा डबा उघडण्याआधी आत काय झिजतंय ते विचारा. आम्हाला बोलता येत नाही, तेवढा डागच काय तो उमटवता येतो.